धरणावर काही घडलं तर काय लिहायचं आणि कोणासाठी

प्रश्न एका शाखा अभियंत्याचा आहे. त्यांच्याकडे लघुपाटबंधारेची चार-पाच मातीची धरणं आहेत आणि प्रत्येक धरणासाठी घटनांची नोंदवही ठेवा, असा आदेश वरून आला आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. घटना म्हणून नेमकं काय धरायचं? आज लिहिलेलं उद्या चौकशीत माझ्याच गळ्यात येणार नाही ना? आणि एवढं लिहून ते वाचणार कोण? शेवटी जाता जाता त्यांनी एक ओळ जोडली आहे. एका धरणाच्या पायथा नालीतलं, म्हणजे भरावातून झिरपलेलं पाणी पायथ्याशी गोळा करून बाहेर नेणाऱ्या नालीतलं, पाणी यंदा ऑगस्टमध्ये, तलाव भरलेला असताना, बंद झालं. त्यांच्या आधीच्या माणसाने वहीत 'गळती बंद, स्थिती समाधानकारक' असं लिहून ठेवलं आहे. हे घटनेत मोडतं का, असं ते विचारतात.

मला त्या शेवटच्या ओळीची सगळ्यात जास्त काळजी वाटते. तिच्याकडे येतोच, पण आधी बाकीचं.

नोंदवहीचा छापील नमुना कुठल्याही विभागात मिळेल. तुमचं खरं अडलंय ते वेगळ्या जागी. घटना म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फुटलेलं धरण येतं. मग उतारावरचा ओला पट्टा किंवा अर्ध्यावर अडकून राहिलेलं विमोचकाचं, म्हणजे तलावातून पाणी सोडायच्या मार्गाचं, द्वार ही आपल्याला रोजचीच कटकट वाटते. ती कोणी लिहीत नाही, आणि फुटल्यावर लिहायला काही उरत नाही. मधली सगळी जागा कोरी राहते, आणि शिकण्यासारखं जे असतं ते बहुतेक त्या मधल्या जागेतच असतं.

कायद्यापुरतं बोलायचं तर ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झालेला धरण सुरक्षा कायदा इथे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. धरण फुटणं आणि धरणावर घटना घडणं या दोन्हींची व्याख्या त्यात वेगवेगळी दिली आहे. ज्या अडचणी अजून फुटण्यापर्यंत गेलेल्या नाहीत त्या सगळ्या घटना. त्यात बांधकामाला झालेली इजा येते, उपकरणांची नेहमीपेक्षा वेगळी रीडिंग येतात, धरणातून किंवा पायातून होणारी वेगळी गळती येते, मातीच्या धरणाखाली पाणी उकळल्यासारखं वर येणं येतं, दरवाजे नीट न चालणं किंवा चुकीचे चालवणं येतं, माथ्यावरून पाणी जाणं येतं. आणि ज्या धरणांना गॅलरी, म्हणजे पोटातून फिरून पाहणी करायचा बोगदा, आहे तिथे गॅलरीत येणारी गळती कमी होणं किंवा थांबणं हीसुद्धा घटनाच धरली आहे. हे शेवटचं कलम वाचताना बरेच जण थबकतात. १५ मीटरपेक्षा उंच सगळी धरणं आणि १० ते १५ मीटरमधली काही अटींत बसणारी धरणं या कायद्याखाली येतात. तुमची काही धरणं त्याहून लहान असतील. तरी वही एकाच पद्धतीने ठेवा. पाण्याला उंचीची अट माहीत नसते.

किती बारीक लिहायचं हे मात्र परिस्थितीवर आहे, आणि इथे ठाम आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वीस-तीस पावसाळे पाहिलेलं, गळतीचा मोजलेला इतिहास असलेलं धरण आणि यंदा पहिल्यांदाच पूर्ण भरलेलं धरण यांना एक माप लागत नाही. पहिल्या भरण्याच्या वेळी मी ओल दिसली तरी लिहायला लावतो. पायथ्याशी वाडी-वस्ती आहे की नुसतं माळरान, यानेही फरक पडतो. दगडी धरणाच्या सांध्यातून ठिबकणारं पाणी आणि मातीच्या भरावातून येणारं पाणी दिसायला सारखं असेल, पण दुसऱ्याबरोबर माती निघून येऊ शकते.

आता नोंद कशी असावी. वह्यांमध्ये सर्रास सापडते ती अशी: 'डाव्या बाजूस किरकोळ गळती आढळली. लक्ष ठेवण्याच्या सूचना दिल्या.' या दोन वाक्यांतून दहा वर्षांनी कोणालाही काही कळणार नाही. किरकोळ म्हणजे किती, कुठे, तलाव किती भरलेला होता, काल ती होती का, सूचना कोणाला दिल्या, यातलं एकही उत्तर त्यात नाही. डॉक्टरने ताप किती होता ते न लिहिता 'अंग कोमट' लिहावं, तशातला प्रकार.

त्याऐवजी एक उदाहरण म्हणून अशी नोंद डोळ्यांपुढे आणा: '१४ ऑगस्ट, सकाळी ७.३०. पाणी पूर्ण संचय पातळीच्या ४० सेंमी खाली. साखळी क्रमांक ३१० मीटर, मागचा उतार, पायथ्यापासून अंदाजे ६ मीटर वर, ३ मीटर लांब ओला पट्टा. काल संध्याकाळी नव्हता. बोट दाबलं तर माती मऊ, पाणी वाहत नाही. पायथा नालीतलं पाणी स्वच्छ, बाटलीत भरून ठेवलं, तासाभराने तळाला गाळ नाही. व्ही-नॉच ७ सेंमी, मागच्या आठवड्यात ६.५. रात्री पाऊस २२ मिमी. प्रथम पाहिलं चौकीदाराने. मी ९ वाजता जागेवर. उपअभियंत्यांना ९.२० ला फोन.' (साखळी क्रमांक म्हणजे धरणाच्या एका टोकापासून लांबीने मोजलेलं अंतर. व्ही-नॉच म्हणजे गळती मोजायची इंग्रजी व्ही आकाराची खाच, आकडा तिच्यावरच्या पाण्याच्या उंचीचा.) लिहायला पाच मिनिटं लागतात. यात एकही मत नाही आणि कारणाबद्दल चकार शब्द नाही. कारण लिहायचं असेल तर खाली वेगळं, 'माझा अंदाज' असं म्हणून, आणि कशावरून तेही लिहा. पावसाचं पाणी उतारावर मुरून पट्टा ओला झाला असेल, तर पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवसांत तो वाळेल आणि पुढची नोंदच ते सांगेल. पहिल्याच ओळीत 'पावसामुळे ओल' लिहून टाकलं, की पुढे कोणी ती पाहायला जात नाही.

तलावाची पातळी लिहायला विसरू नका, कारण तिच्याशिवाय गळतीचा आकडा वाचता येत नाही. तलाव चढला की गळती वाढणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घाबरायचं ते तीच पातळी असताना गेल्या वर्षीपेक्षा पाणी जास्त येऊ लागलं तर. त्यात व्ही-नॉच डोळ्यांना फसवतो. नव्वद अंशाच्या खाचेवर पाण्याची उंची ७ सेंमी असली तर प्रवाह सेकंदाला साधारण १.८ लिटर असतो. उंची १० सेंमी झाली की तो ४.४ लिटरच्या आसपास जातो. पट्टीवर तीन सेंटिमीटर वाढले म्हणून चौकीदार 'थोडं वाढलंय' म्हणतो, आणि प्रत्यक्षात गळती अडीच पटीच्या जवळ गेलेली असते. म्हणून वहीत सेंटिमीटरही लिहा आणि लिटरही. शाखेच्या भिंतीवर एक तक्ता लावून ठेवलात तर चौकीदारसुद्धा लिटर वाचून सांगतो.

काही गोष्टी दिसल्या तर वही नंतर, फोन आधी. स्वच्छ येणारं पाणी गढूळ झालं. माथ्यावर किंवा उतारावर नवा खड्डा पडला. पायथ्याशी पाणी वाळू उडवत वर येऊ लागलं. विमोचकाच्या तोंडाशी, नळाच्या बाहेरून पाणी दिसलं. पूर येतोय आणि दरवाजा उचलला जात नाही. यात उद्या सकाळी जाऊन पाहू, असं होत नाही. अमेरिकेत इडाहो राज्यात टिटन हे ९३ मीटर उंचीचं मातीचं धरण ५ जून १९७६ ला पहिल्याच भरण्याच्या वेळी फुटलं. त्या सकाळी सातच्या सुमाराला गढूळ पाणी दिसलं होतं. दुपारी बाराला तीन मिनिटं कमी असताना धरण फुटलं. पाच तासांचा खेळ. आपल्या एखाद्या लहान तलावाला तेवढेही तास मिळतील याची खात्री नाही.

दुसरा प्रश्न भीतीचा, आणि तो खोटा नाही. आपल्याकडे काही झालं की पहिला सवाल 'कोणी केलं' हा असतो, 'कसं झालं' हा नंतर कधीतरी. पुण्यात पानशेत म्हटलं की आजही लोक कोण चुकलं यावर तासभर बोलतील. १२ जुलै १९६१ ला नेमकं काय बिघडलं हे विचारा, फार थोडे सांगतील. धरणाचं आणि विमोचकाचं काम अपुरं असताना पाणी साठलं, भरावाच्या पोटातून जाणाऱ्या नळमार्गावरची माती खचू लागली, माथा खाली बसू लागला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली तरी सकाळी धरण गेलं आणि त्याच दिवशी खाली खडकवासलाही फुटलं. यातून प्रत्येक शाखा अभियंत्याने उचलण्याजोगी गोष्ट एकच आहे: मातीच्या भरावातून नळ जातो ती जागा कमजोर, तिथे आधी बघा. तुमच्या चार-पाचही धरणांना अशी जागा आहे. आयोग, राजीनामे, आरोप या गदारोळात ती गोष्ट मागे पडली.

तिवऱ्याचं तसंच. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, भेंदवाडी वाहून गेली, वीसेक माणसं दगावली. गळतीच्या तक्रारी आपण आधीच केल्या होत्या, असं गावकरी सांगत होते. महाराष्ट्राच्या लक्षात मात्र राहिले ते खेकडे, कारण खेकड्यांनी धरण पोखरलं असं विधान सरकारकडून झालं आणि पुढे कित्येक दिवस त्यावरच विनोद चालले. उंदीर, खेकडे, घुशी भराव पोखरतात हे खरं आहे, आणि पाहणीत बिळं शोधायचीच असतात. पण पहिल्या चोवीस तासांत कारण जाहीर करणं हा तांत्रिक तपासाचा सगळ्यात मोठा शत्रू आहे, मग ते कारण खेकडे असो, ठेकेदार असो की अतिवृष्टी.

तुमच्या गळ्यात येईल का? माझ्या कामात मी जितके कागद चाळले, त्यांत तारीख, वेळ, पातळी, फोनची वेळ असं लिहिणारा माणूस अडचणीत आलेला मला दिसला नाही. अडकतो तो दोन प्रकारे. एक म्हणजे 'समाधानकारक' असं लिहून ठेवलेला. दुसरा म्हणजे घटना झाल्यावर मागच्या तारखांच्या नोंदी एका बैठकीत, एकाच शाईने, भरून काढणारा. मागच्या तारखेची नोंद करायची वेळ आलीच तर आजची तारीख टाका आणि 'अमुक तारखेचं निरीक्षण आज लिहीत आहे, कारण अमुक' असं सरळ लिहा. दुसऱ्याने लिहिलेलं खोडू नका, आपलंही खोडू नका. आणि जे वर कळवलं त्याची प्रत वहीत चिकटवा. वरून उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी 'स्मरण दिलं' ही नोंदही घटनेतच येते. कायद्याखाली दिलेले निर्देश न पाळणाऱ्याला शिक्षा आहे, आणि त्यातून जीवितहानी झाली तर ती जास्त आहे. पण तुम्ही काम केलं हे दाखवणारा कागद तुमच्याकडे वहीशिवाय दुसरा कोणता असणार?

तिसरा प्रश्न, वाचणार कोण. इथे मी तुमच्या बाजूने आहे. नोंद करणं आणि शिकणं ही एकच गोष्ट नाही, आणि जगात याचं एक महागडं उदाहरण कॅलिफोर्नियातलं ओरोव्हिल धरण आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याच्या सांडव्याचं काँक्रीट उखडलं, पुढे पाणी आणीबाणीच्या सांडव्यावरून गेलं, तिथली जमीन धुपू लागली आणि १२ तारखेला खालच्या सुमारे १ लाख ८८ हजार लोकांना घरं सोडायला लावली. धरण फुटलं नाही. नंतर स्वतंत्र तज्ज्ञांनी तपास केला, तर सांडव्याच्या लादीला तडे बांधकामानंतर लगेच गेलेले होते, लादीखालच्या निचऱ्यातून भरपूर पाणी येताना दिसत होतं, आणि हे सगळं लोकांनी पाहिलेलं होतं. दर वर्षी तेच दिसतं म्हणून ते 'नेहमीचं' ठरलं. पन्नास वर्षं धरण उभं होतं, हाच पुरावा मानला गेला. आपल्या पाहणी अहवालांत 'मागील वर्षीप्रमाणे' हा शेरा दिसला की मला ओरोव्हिल आठवतं.

उलट उदाहरण आपल्याच कोयनेचं, आणि त्याबद्दल आपण पुरेसा अभिमान बाळगत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, १०३ मीटर उंच धरणाला आडवे तडे गेले, तेही मागच्या बाजूचा उतार जिथे बदलतो त्या उंचीच्या आसपास. धरणाच्या गॅलरीत बसवलेल्या यंत्राने हादऱ्यांची नोंद केली होती. तडे कुठे गेले त्याची नोंद होती, हादरा किती होता त्याची नोंद होती. दोन्ही जुळल्यामुळे धरणाला टेकू देऊन ते मजबूत करता आलं, आणि आजही जगात अनेक ठिकाणी काँक्रीट धरणाचं भूकंपाचं गणित तपासायचं असेल तर कोयनेचा आलेख चालवून पाहतात. तो आलेख नसता तर उरली असती फक्त तड्यांची छायाचित्रं.

दरवाज्यांच्या बाबतीत आपण इतके शहाणे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये केरळातल्या परंबिकुलम धरणाचा एक दरवाजा साखळी तुटून निकामी झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये तुंगभद्रेच्या एकोणिसाव्या दरवाज्याची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. दोन वर्षं मध्ये होती. पहिली घटना ऐकून देशातल्या किती उपविभागांनी आपल्या साखळ्यांच्या कड्या उतरवून पाहिल्या असतील, हा प्रश्न मला टोचतो. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम धरणाचा वक्र दरवाजा मोडला, कारण तो ज्यांवर फिरतो त्या खुंट्यांतलं घर्षण मूळ आराखड्यात धरलेलं नव्हतं आणि गंज व कमी पडलेलं वंगण यांनी ते वाढत गेलं होतं. वक्र दरवाजे असलेल्या प्रत्येक ठिकाणी 'वंगण कधी दिलं' ही नोंद म्हणूनच सुरक्षिततेची नोंद आहे. ती मेकॅनिकच्या खिशातल्या डायरीत असून चालत नाही.

मग वाचणार कोण, तर आधी तुम्हीच. पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीला निघायच्या आदल्या दिवशी त्या धरणाची वही पहिल्यापासून वाचा आणि तीन-चार जागा एका कागदावर उतरवून सोबत न्या. पाहणी तिथून सुरू करा, माथ्यावरच्या रंगरंगोटीपासून नाही. तलावाची पातळी आडव्या अक्षावर आणि गळती उभ्या अक्षावर घेऊन दर वर्षीचे ठिपके वेगळ्या रंगात टाका. आलेख कागदावर पेन्सिलने काढला तरी चालेल. रंग वर सरकताना दिसले की साहेबांना समजावायला भाषण लागत नाही. शेजारच्या उपविभागाशी वर्षातून एकदा वह्यांची अदलाबदल करून वाचा. एकाच काळात, एकाच पद्धतीने, कधी एकाच ठेकेदाराने बांधलेली धरणं एकाच जागी दुखतात, हे तेव्हाच कळतं. केंद्रीय जल आयोगाची धर्मा नावाची संगणक प्रणाली आहे, तिच्यात माहिती भरावीच लागेल, ती भरा. पण संगणकात गेलेली नोंद जागेवरच्या माणसाला दिसत नाही, म्हणून धरणावरची कागदी वही बंद करू नका.

एक अट मात्र पाळा. घटना 'मिटली' असं लिहिण्याआधी तिच्यामुळे काय बदललं ते लिहिता आलं पाहिजे. तपासणीची वारंवारता वाढवली, नवा नॉच बसवला, द्वारचालकाला दुसरी किल्ली दिली, काहीही. काहीच बदललं नसेल तर ती उघडीच ठेवा.

आता तुमची पायथा नाली. होय, ही घटना आहे. कायद्यातलं ते कलम गॅलरीपुरतं आहे, पण त्यामागचं कारण मातीच्या धरणालाही तसंच लागू पडतं. तलाव भरलेला असताना नेहमीचं पाणी बंद होतं तेव्हा पाणी यायचं थांबलेलं नसतं, ते बहुधा दिसायचं थांबलेलं असतं. गाळणीचा थर किंवा नाली बुजली असेल, तर भरावातली पाण्याची रेषा वर चढते आणि उतार भिजून घसरू शकतो. किंवा पाण्याने दुसरी वाट धरली असेल. अर्थात कारण अगदी साधंही निघू शकतं: नॉचच्या टाकीत गाळ साचला, पत्र्याच्या बाजूने पाणी निसटतंय, नाहीतर कोणी शेतासाठी वरच नाली फोडली. तेच आधी तपासा.

मग पायथ्याच्या पूर्ण लांबीने चाला आणि नालीच्या पुढे, नाल्याच्या पात्रापर्यंत जा. उन्हाळ्यात एकाच ठिकाणी गवत हिरवं असेल, खालच्या एखाद्या विहिरीचं पाणी यंदा अवचित चढलं असेल, ते लिहा. शेतकऱ्यांना विचारा, त्यांना आपल्यापेक्षा आधी कळतं. पिझोमीटर (भरावातल्या पाण्याचा दाब मोजणारी उपकरणं) असतील तर त्यांची रीडिंग मागच्या वर्षाच्या त्याच पातळीशी ताडून पहा. आधीच्या नोंदीखाली आजच्या तारखेने स्वतंत्र नोंद करा आणि उपअभियंत्यांना लेखी कळवा. आता तलाव उतरला असेल तर फार काही दिसणार नाही. पुढच्या पावसाळ्यात तलावाच्या ज्या पातळीला यंदा नालीतलं पाणी थांबलं, त्या पातळीच्या मीटरभर खालपासून रोज सकाळ-संध्याकाळ माणूस पाठवा.

आणि मजूर लावून नाली साफ करायची घाई करू नका. आधी आहे तशा अवस्थेत फोटो काढा, साखळी क्रमांकाची पाटी फोटोत येऊ द्या. आत साचलेला गाळ दोन-तीन ठिकाणांहून वेगवेगळ्या पिशव्यांत भरून, चिठ्ठी घालून ठेवा आणि प्रयोगशाळेत पाठवा. तो उतारावरून पावसाने धुऊन आलेला आहे की गाभ्यातली काळी माती आहे, हे एकदा नाली धुतल्यावर कळणार नाही.